नॉर्मल म्हणजे मी

सोमवार, ४ मार्च
आजपासून रोजनिशी. निश्चय तीन. रोज लिहायचं, रोज सकाळी चालायचं आणि कुणाचा हेवा करायचा नाही. तिसरा निश्चय हिने सुचवला. कशाच्या आधारावर सुचवला, ते कळलं नाही.

पुढेमागे आत्मचरित्र लिहायची वेळ आली तर हाताशी असावं म्हणून आधी स्वतःची ओळख. मी बायोकेमिस्ट्री लॅबमधला सीनियर टेक्निकल असिस्टंट. डॉक्टरेट नाही. पण ज्यांच्याकडे आहे त्यांतल्या निम्म्यांना पिपेट कशी धरायची ते मी शिकवलंय. सध्याचं प्रोजेक्ट: हॉर्मोन्स बिघडले, शरीराचं साखर-चरबीचं गणित बिघडलं, की रक्तातल्या अँटिऑक्सिडंट्सचं काय होतं. शरीरात फ्री रॅडिकल्स नावाची उपद्व्यापी मंडळी सतत तयार होत असतात आणि दिसेल त्याची नासधूस करतात. त्यांना आवरायला ग्लुटाथायोन आणि त्याचे भाऊबंद असतात. इन्शुलिन कमी पडलं किंवा थायरॉईड वाजवीपेक्षा जास्त झालं, की हे रखवालदार दमतात आणि कमी होत जातात. आम्ही रुग्णांचं रक्त घेतो, त्यावर एक रसायन घालतो, पिवळा रंग येतो. पिवळा जितका गडद, तितकं ग्लुटाथायोन जास्त. एवढंच. बाकीचं सगळं ग्रँट मिळवण्यासाठी लिहावं लागतं.

यात माझं स्थान मध्यवर्ती. दर सोमवारी रुग्णांच्या ट्यूब्जबरोबर एक ट्यूब धडधाकट माणसाच्या रक्ताची लावतात. तिचा आकडा ठरलेला आहे. तो आला तर बॅच बरोबर. नाही आला तर मशीन, रसायन किंवा करणारा चुकला असं धरून अख्खी बॅच रद्द. ते धडधाकट रक्त गेली कित्येक वर्षं माझं. लॅबमध्ये मला 'नॉर्मल'च म्हणतात. पदव्या काय, कुणालाही मिळतात.

चालायला उद्यापासून. आज रक्त द्यायचं होतं आणि व्यायामाने आकडे हलतात. कारण शास्त्रीय आहे.

मंगळवार, ५ मार्च
लॅबमध्ये नवीन मुलगा आला. ताजी पीएचडी, थोड्या महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट, अंगाने काडी. पहिल्याच दिवशी त्याने स्टँडर्ड ग्राफ काढला. म्हणजे ज्या द्रावणांत किती ग्लुटाथायोन आहे हे आधीच माहीत असतं, त्यांचे ठिपके. ते एका रेषेत यावे लागतात. याचे आले. इतके सरळ आले की सरांनी, म्हणजे आमच्या लॅबच्या प्रमुखांनी, प्रिंट काढून भिंतीवर लावला. एवढ्या वर्षांत माझं भिंतीवर काय लागलं? 'आग लागल्यास काय करावे' ही सूचना. तीही आता ग्राफखाली अर्धी झाकली गेली.

मी त्याचं नाव रेघ्या ठेवलं. मनातल्या मनात. यात हेवा नाही, निरीक्षण आहे.

मला 'काका' म्हणतो. मी एकोणपन्नासचा आहे. काका व्हायला अजून वेळ आहे.

गुरुवार, ७ मार्च
चालणं: कोपऱ्यापर्यंत. नवा बूट टाचेला लागला, परत आलो.

खिडकीजवळचं टेबल रेघ्याला दिलं. त्या टेबलासाठी मी दोन सरांच्या कारकिर्दीत शब्द टाकून ठेवला होता. रेघ्याने घरून स्वतःच्या पिपेट्स आणल्यात, प्रत्येकीला निळी टेप. 'माझ्या वस्तूंना हात लावू नका' असं तो म्हणाला नाही, पण टेप म्हणते. सिस्टर, म्हणजे रक्त काढणाऱ्या आमच्या नर्सबाई, त्याच्या कुठल्याशा बोलण्यावर खळखळून हसल्या. माझ्या विनोदावर त्या 'हात सरळ ठेवा' म्हणतात.

सोमवार, ११ मार्च
रेघ्याची पहिली बॅच. रुग्णांच्या ट्यूब्ज पिवळ्या झाल्या, माझी फिकट आली. नॉर्मल आकड्याच्या बरीच खाली. नियमाप्रमाणे बॅच रद्द. रेघ्याचं तोंड पाहण्यासारखं झालं होतं. पाहिलं.

मला वाईट वाटलं हे इथे नोंदवून ठेवतो. घरी येताना शीळ घालत होतो ते हवा छान होती म्हणून.

रक्त काढताना सिस्टरनी विचारलं की वजन उतरलंय का. म्हटलं, चालतो. खरोखरच पट्ट्याला पुढचं भोक लागतंय. निश्चय नुसता मनापासून केला तरी शरीर ऐकतं, असं दिसतं.

बुधवार, १३ मार्च
पाणी भरपूर पितोय. टेबलावर मोठी बाटली ठेवली, ती दुपारपर्यंत संपते. झोपेतून सारखं उठावं लागतं, पण ते पाण्यामुळे. शरीर आतून धुऊन निघतंय. रेघ्या दिवसभरात दोन कप कॉफीवर राहतो. अशाने त्याची मूत्रपिंडं काय म्हणत असतील? कुणीतरी त्याला सांगायला हवं. मी नाही सांगणार.

सोमवार, १८ मार्च
दुसरी बॅचही रद्द. पुन्हा माझी ट्यूब फिकी. सरांनी रेघ्याला केबिनमध्ये बोलावलं. केबिनला काच आहे आणि मला नेमके तिथलेच बीकर पुसायचे होते. ऐकू काही आलं नाही. रेघ्या मान खाली घालून उभा होता एवढं दिसलं.

मग सरांनी मलाही आत घेतलं आणि मत विचारलं. मी म्हणालो, पोरगा हुशार आहे, हात नवा आहे, शिकेल. पण तोवर रुग्णांचं रक्त वाया जातं ते बघवत नाही. हे वाक्य मी रविवारीच तयार करून ठेवलं होतं. सर म्हणाले, तुमचं मन मोठं आहे.

यामागे थोडा इतिहास आहे. उन्हाळ्यात मोठी परिषद असते. तिथे स्टेजवर उभं राहून या प्रोजेक्टबद्दल कुणीतरी बोलायचं. गेल्या वर्षी सरांनी माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हटलं होतं की पुढच्या वेळी तुम्हीच बोला. आता मात्र लिफ्टपाशी त्यांच्या तोंडून रेघ्याचं नाव निघालेलं मी स्वतः ऐकलं. आयुष्यात एकदा स्टेजवर उभं राहायचं आहे मला. माईक हातात, मागे पडद्यावर ग्राफ, खाली लोक. एवढंच मागणं आहे आणि त्याच्या आड एक काडी उभी आहे.

मंगळवार, १९ मार्च
चष्मा लॅबमध्ये विसरलो. हल्ली तो घालून-काढून सारखंच दिसतं, नंबर बदलला असावा. संध्याकाळी रेघ्या तो द्यायला घरी आला. हिने आग्रहाने जेवायला बसवलं. जेवला, ताट स्वतः धुतलं आणि धुताना लक्षात आलं म्हणून गळका नळही घट्ट करून टाकला. तो नळ मी रविवारी बघणार होतो. कुठला रविवार, हे जाहीर केलं नव्हतं इतकंच.

तो गेल्यावर ही म्हणाली की किती गुणी मुलगा आहे. मी म्हटलं, त्याच्या दोन बॅच बिघडल्या. ही म्हणाली, ताट तर नीट धुतलं. यावर विज्ञानाकडे उत्तर नाही.

सोमवार, २५ मार्च
रेघ्या रजेवर. बॅच मी स्वतः लावली. म्हटलं, बघू दे लोकांना अनुभव म्हणजे काय असतो. दार लावून घेतलं, वेळ पाळली, थेंबन् थेंब मोजला.

माझी ट्यूब याआधी इतकी फिकी कधीच आली नव्हती.

सगळं सिंकमध्ये ओतलं. सरांना सांगितलं की रसायन संपलंय, आज बॅच लागली नाही. याला कुणी खोटं म्हणेल. पण रसायन खरोखर संपलंच होतं, ओतल्यानंतर. दोष डिस्टिल्ड वॉटरचा असणार. त्या कॅनला शनिवारी रेघ्याने हात लावला होता.

शुक्रवार, २९ मार्च
उलगडा झाला! ताणतणावात कॉर्टिसोल हे हॉर्मोन वाढतं. ते दीर्घकाळ वाढलेलं राहिलं की अँटिऑक्सिडंट्सची फळी खचते. आमच्याच प्रस्तावाच्या दुसऱ्या पानावर हे लिहिलंय आणि ते पान मीच टाईप केलंय. आता मला ताण कुणामुळे आहे? रेघ्यामुळे. म्हणजे माझी ट्यूब फिकी पडते त्याला जबाबदार रेघ्या. कुठल्याही बाजूने पाहिलं तरी तोच चुकतो.

उपाय: आहारातून अँटिऑक्सिडंट्स वाढवायचे. आजपासून सकाळी डाळिंबाचा रस, दुपारी काळ्या द्राक्षांचा रस, संध्याकाळी दोन्ही. मधे मध आणि मनुका. डार्क चॉकलेटही हवं होतं, ते दुकानात नव्हतं म्हणून साधं आणलं. मोठं पाकीट.

ही म्हणाली की एवढं थकायला होतंय, तहान तहान करता, आधी एकदा तपासून या. मी हसलो. म्हटलं, अगं, अख्ख्या लॅबचे आकडे ज्याच्याशी ताडून बघतात तो मी. मला कुणाशी ताडणार?

सोमवार, १ एप्रिल
रेघ्याची आणखी एक बॅच पाण्यात. मीटिंग झाली. त्यात रेघ्याने सुचवलं की दर बॅचला दोन नॉर्मल लावू, दोन वेगवेगळ्या माणसांचे. माझ्याकडे न बघता, टेबलाच्या कडेकडे बघत बोलला. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझ्या रक्तावर संशय! मी पेन खाली ठेवलं. इतकंच केलं, पण आवाज झाला.

सर लगेच म्हणाले की ते आपले नॉर्मल आहेत, त्यांच्या ट्यूबवर ही लॅब उभी आहे, प्रश्न हाताचा आहे. मग रेघ्याकडे वळून, आणखी एक बॅच बिघडली तर कॉन्ट्रॅक्टचा विचार करावा लागेल. रेघ्या बरं म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीत तो मागच्या पायऱ्यांवर डबा न उघडता बसला होता. क्षणभर काळजात हललं. मग भिंतीवरचा ग्राफ आठवला आणि ठीक झालं.

बुधवार, ३ एप्रिल
बुटाची जखम अजून ओलीच आहे. बूट हलक्या दर्जाचा निघाला. दुपारी स्टुलावर बसल्या बसल्या डुलकी लागली. सिस्टरनी उठवलं. म्हटलं, विचार करत होतो. पिंडऱ्या दुखतात, चालण्याचा परिणाम. चालणं अजून सुरू व्हायचंय, पण शरीर तयारी करत असावं. रसाचं प्रमाण वाढवलं.

सोमवार, ८ एप्रिल
माझी ट्यूब बघून सर नुसते 'अरेरे' म्हणाले. पिवळा रंग शोधावा लागत होता. रेघ्याचं कॉन्ट्रॅक्ट संपवायचं ठरलं, शुक्रवारी सही. त्याला सांगितलं तेव्हा तो आपली निळी टेप लावलेली पिपेट पुसत होता. पुसून झाल्यावर जागेवर ठेवली. मग म्हणाला की तोपर्यंतचं काम पूर्ण करून देतो.

परिषदेसाठी शर्ट आणला. कॉलर एक नंबरने लहान लागली! आरशासमोर उभं राहून भाषणाची सुरुवात म्हणून पाहिली. आवाज छान लागला, फक्त तोंड सारखं कोरडं पडतं. स्टेजवर पाण्याचा ग्लास मागून घ्यायचा.

आज मी जिंकलो असं वाटायला हवं होतं. बरंचसं वाटलं.

गुरुवार, ११ एप्रिल
कोल्डरूमच्या बोळात रेघ्याने मला गाठलं. आसपास कुणी नव्हतं. मी म्हटलं, सरांना भेट, माझ्या हातात काही नाही. तो म्हणाला, "काका, कॉन्ट्रॅक्टचं बोलायला नाही आलो. सगळ्या बॅचमधे रुग्णांचे आकडे जागच्या जागी येतात. हलते ती फक्त तुमची ट्यूब. तुम्ही एकदा साखर बघून घ्या. मी बोलणार नाही कुणाला."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हणजे चार महिन्यांची पाहुणी ही काडी मला डायबेटिक ठरवणार! आत्ताच्या आत्ता बघ म्हटलं, सिस्टरच्या ड्रॉवरमधलं मशीन आण आणि मग माझी माफी माग. त्याने आणलं. टोचलं.

तीनशे चौऱ्याऐंशी.

मी सांगितलं की आत्ताच रस प्यायलोय. मशीन जुनं आहे. बोटाला मध लागला असेल. स्पिरिट नीट वाळलं नव्हतं. तो हो हो म्हणत राहिला. मग सांगण्यासारखं काही उरलं नाही तेव्हा मीच म्हटलं की एचबीएवनसी लाव. ती टेस्ट मागच्या दोन-तीन महिन्यांची सरासरी साखर सांगते. आकडा साडेसहाला पोचला की डायबिटीस. आजच्या रसाची सबब तिच्यापुढे चालत नाही. ट्रेनिंगला येणाऱ्या प्रत्येक बॅचला हे मीच शिकवतो आणि वर म्हणतो की रुग्ण खोटं बोलतो, एवनसी बोलत नाही.

अकरा पूर्णांक दोन.

तहान. वजन. डोळे. टाच. एकेक करून सगळं समोर येऊन उभं राहिलं. परीक्षेत हे चारच शब्द दिले असते तर मी झोपेत उत्तर लिहिलं असतं. मागच्या पायऱ्यांवर जाऊन बसलो. रेघ्या शेजारी बसला. मी सांगितलं नव्हतं का, असं तो म्हणाला नाही. मी म्हणालो असतो. दोन वेळा.

भीती वाटते. हे इथे लिहायला हरकत नाही.

शुक्रवार, १२ एप्रिल
रजा टाकून लांबच्या दवाखान्यात गेलो, ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून. डॉक्टरांनी व्यवसाय विचारला. क्लार्क म्हणालो. मग त्यांनी मला सोप्या भाषेत समजावून सांगितलं की साखर वाढली की पेशींमधे गंज चढल्यासारखं होतं, आणि गंज आवरणारे अँटिऑक्सिडंट्स त्या लढाईत खर्ची पडतात. कागदावर चित्र काढून दाखवलं. ग्लुटाथायोन त्यांनी चुकीच्या बाजूला काढलं होतं. मी मान डोलावली. रस पिता का, असंही विचारलं. थोडासा, म्हटलं.

गोळ्या सुरू. त्या मी चपलांच्या कपाटात ठेवल्यात. हिला योग्य वेळ बघून सांगेन. गंमत म्हणजे हिने आज डाळिंबं आणलीच नाहीत. बाजारात नव्हती म्हणे. आणि जेवण झाल्यावर म्हणाली की चला, जरा पाय मोकळे करून येऊ. गेलो. कोपऱ्याच्या पुढेही गेलो.

सर आज बाहेरगावी. रेघ्याच्या कागदावरची सही सोमवारवर गेली. म्हणजे सरांना खरं सांगायला मला शनिवार-रविवार मिळाला. सांगायचंच. ठरलं. त्या बॅच बरोबर होत्या, बिघाड माझ्यात होता, त्याची नोकरी घालवू नका. तीन वाक्यं आहेत.

रविवार, १४ एप्रिल
कबुलीची तालीम केली. पहिल्या खेपेला तीन वाक्यं जशीच्या तशी म्हटली. दुसऱ्या खेपेला वाटलं की 'बिघाड माझ्यात होता' हे जरा रांगडं आहे, म्हणून 'एक निरीक्षण मांडायचं आहे' अशी सुरुवात केली. तिसऱ्या खेपेला संशय मलाच आला होता. चौथ्या खेपेला मी स्वतःवर प्रयोग करत होतो, विज्ञानासाठी, प्रकृतीची पर्वा न करता. ती फार सुंदर झाली. आरशात डोळे पाणावलेले दिसले.

पहिलीच म्हणायची. नक्की.

सोमवार, १५ एप्रिल
मीटिंग. सरांसमोर कागद, हातात पेन. मी उठलो. 'सर' म्हणालो आणि तोंड असं कोरडं पडलं की पुढचा शब्द टाळूला चिकटला. पाण्याची बाटली शोधेपर्यंत रेघ्या उठून उभा राहिला.

तो म्हणाला की बॅच का बिघडत होत्या ते सापडलंय आणि ते काकांनी शोधलं. त्यांना स्वतःच्या ट्यूबबद्दल शंका आली, त्यांनी आपणहून साखर तपासून घेतली, डायबिटीस निघाला. मशीनमधे सगळ्या बॅचचे आकडे आहेत, रुग्णांचे सगळे आकडे ग्राह्य धरता येतील. त्याने माझ्याकडे बघितलंही नाही. मला वाटतं, मी खाली पडू नये म्हणून तो जे हाताशी आलं ते बोलला.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सरांनी विचारलं, खरंय का हे?

तीन वाक्यं होती माझ्याकडे. तोंडातून आलं, "हो सर. बरेच दिवस शंका होती."

टाळ्या. सिस्टरसुद्धा. सरांचा आवाज भरून आला. म्हणाले, स्वतःचा आजार असा टेबलावर ठेवायला धाडस लागतं. रेघ्याचा कागद फाडला, त्याचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं. आणि मग माझ्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांसमोर सांगितलं की परिषदेत हेच बोलतील, यांच्यापेक्षा हक्काने कोण बोलणार. रेघ्या सगळ्यांबरोबर टाळ्या वाजवत होता. त्याच्या टाळ्या खऱ्या होत्या, मी नीट बघितलं. कुठे तरी थोडं जळताना दिसला असता तर मला बरं वाटलं असतं. माणसाने चांगुलपणात तरी दुसऱ्याला पुढे जाऊ द्यावं.

यापुढे नॉर्मल म्हणून रेघ्याचं रक्त. सिस्टरनी त्याची शीर पहिल्याच प्रयत्नात पकडली आणि 'वा' म्हणाल्या. त्याची ट्यूब पिवळीजर्द आली. माझी ट्यूब आता रुग्णांच्या रॅकमधे, मधल्या ओळीत. टाचेच्या जखमेवर पट्टी त्यानेच बांधून दिली. त्याला काहीतरी बोलायला हवं होतं. बोलतो उद्या.

घरी आल्यावर हिला एकदाचं सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती, मी समोर बसलो. रविवारची चौथी आवृत्ती घेतली, पण ओघात आणखी वाढली. शंका मला मार्चमधेच आली होती. बोटाला मीच टोचलं. भर मीटिंगमधे मीच उठलो आणि म्हणालो की दोषी शोधू नका, दोष माझ्या रक्तात आहे. मग टाळ्या सांगितल्या, सरांचा आवाज सांगितला, परिषद सांगितली. हिने हातातली भाजी खाली ठेवून सगळं ऐकून घेतलं. इतकं लक्ष देऊन तिने माझं कधी ऐकलं नव्हतं.

मी थांबलो तेव्हा म्हणाली, "त्याचा गुरुवारी फोन आला होता. तुम्ही पायऱ्यांवर बसलात म्हणून, नीट घरी पोहोचलात का विचारायला. तो सांगत नव्हता. मीच खोदून खोदून विचारलं."

मी विचारलं, मग इतका वेळ नुसती ऐकत का बसलीस?

म्हणाली, "बघत होते, त्याचं नाव कधी येतंय ते."

मग तिने उठून चपलांच्या कपाटातून गोळ्या आणल्या आणि माझ्या ताटाशेजारी ठेवल्या. जेवलो. गोळी जेवणानंतर घ्यायची असते. घेतली.